जर्मनीतला पहिला आठवडा: कोल्हापुरातून जोडीनं इंटर्नशिपला निघालेल्यांसाठी

‘बरोबर कोण आहे?’ हा कोल्हापुरातल्या कुठल्याही घरातला पहिला प्रश्न, मग जायचं जोतिबाला असो की जर्मनीला. वर्गातला मित्र किंवा मैत्रीण सोबत आहे म्हटलं की घरची मंडळी निम्मी निर्धास्त होतात, आणि त्यांचं चुकीचंही नाही.

पण जोडीनं गेलेल्यांत दोन तऱ्हा दिसतात. काही जोड्या कामं वाटून घेतात आणि आठ दिवसांत बस्तान बसवतात. काही जोड्या सगळं एकत्रच करतात: नकाशा एकाच्या फोनवर, पैसे दुसऱ्याच्या कार्डात, किल्ली एकच, आणि बोलायला एकमेकांशिवाय कोणी नाही. इंटर्नशिपचे अडीच महिने संपतात तेव्हा त्यांची मैत्री पक्की झालेली असते आणि जर्मनी तशीच राहून गेलेली असते. म्हणून सगळ्या लेखाला एकच सूत्र धरलंय: कामं वाटून घ्या, कागद, किल्ली, पैसा आणि ओळखी मात्र प्रत्येकाच्या स्वतंत्र ठेवा.

उदाहरणाला आखेन शहर घेतलं आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या बघत शिकलेल्या मुलांना धातू आणि यंत्रांसाठी तिथलं आरडब्ल्यूटीएच विद्यापीठ खुणावतं. तुमचं शहर वेगळं असलं तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

निघण्याआधी: वार आणि बॅग

सोमवारी हजर व्हायचं असेल तर गुरुवारी उतरा. शुक्रवार कागदपत्रांना, शनिवार खरेदीला. शनिवारी रात्री पोचलात तर रविवार उपाशी जायची वेळ येते, कारण मोठ्या स्टेशनांवरची मोजकी दुकानं सोडली तर जर्मनीत रविवारी किराणा मिळत नाही. मे-जूनमध्ये सुट्ट्याही बऱ्याच पडतात. २०२६ मध्ये १४ मे आणि २५ मे देशभर बंद, आणि आखेन ज्या राज्यात येतं त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात ४ जूनसुद्धा.

मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, पहाटे एक अशी वेळ असेल तर तुम्ही ११ च्या रात्री विमानतळावर असायला हवं. हे एकानं नाही, दोघांनीही तिकीट उघडून आपापलं वाचायचं.

आता बॅग. इथं घरच्यांशी वाद होणार, तयारी ठेवा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही, सुकटीचा विचार सोडा असं सांगणार नाही (मासळीचे नियम वेगळे आहेत), पण सुकं मटण नक्कीच नाही. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबंसुद्धा नकोत. ताज्या भाजी-फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. चटणी, मसाला, भडंग, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ खुशाल न्या.

कांदा-लसूण मसाल्याबद्दल दोन सूचना. एक, तो चेक-इन बॅगेतच टाका. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडवतात. दुसरी, तिकीट दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर घरी विचारा की मसाल्यात खसखस पडली आहे का. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि मधेच मुक्काम पडून बॅग ताब्यात घ्यावी लागली तर नसता ताप. बिनखसखशीचा मसाला करून मागा. आणि अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये टाकू नका. त्यातल्या तेलामुळे पेट घ्यायचा धोका असतो म्हणून भारतात त्याला मनाई आहे.

दोघांनी मिळून न्यायच्या वस्तू: एक छोटा कुकर, एक लाटणं, एक एक्स्टेंशन बोर्ड. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे फक्त पिनेचा प्रश्न. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, लॅपटॉपची जाड तीन पिनांची वायर बसत नाही. भारतातला एक्स्टेंशन बोर्ड आणि त्याला एक अॅडाप्टर एवढ्यात दोघांचं भागतं. कुकरचं बूड मात्र चुंबक लावून बघा. शेगडी इंडक्शनची निघाली तर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तिथं शोभेची वस्तू.

एकेकानं स्वतंत्र न्यायचं ते सगळं कागदी: पासपोर्ट, संस्थेचं निमंत्रणपत्र, विम्याचा कागद, राहण्याचा करार, कॉलेजचं पत्र. छापील प्रत हातातल्या बॅगेत, आणि जोडीदाराच्या बॅगेत तुमची दुसरी प्रत. हा एवढाच कागदांचा एकत्र व्यवहार. रोजची औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावानं लिहून घ्या, ब्रँडच्या नावानं नको.

उतरल्यावर

फ्रँकफुर्टला पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दोघं एकदम जाऊ नका, एकेकानं जा. काय करणार, किती दिवस, कुठं राहणार, एवढंच विचारतात. निमंत्रणपत्र हातात ठेवायचं आणि विचारलं तेवढंच सांगायचं. व्हिसावर ‘सी’ लिहिलंय की ‘डी’ हे आधी बघून ठेवा. ‘सी’ म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, ‘डी’ म्हणजे त्याहून लांबचा मुक्काम. अशा छोट्या मुक्कामाच्या लोकांचे बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायची नवी पद्धत युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे, रांगेला वेळ लागू शकतो.

म्हणून पुढच्या रेल्वेचं स्वस्त तिकीट आधी काढून ठेवायचा मोह आवरा. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. विमानाला किंवा रांगेत उशीर झाला तर ते वाया. थोडे पैसे जास्त देऊन कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. विमानतळाच्या टर्मिनल १ ला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून ब्रुसेल्सकडे जाणारी आयसीई ही वेगवान गाडी कोलोनवरून आखेनला जाते. ती मिळाली नाही तर कोलोनला गाडी बदलायची.

जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात असं इकडं अजून सांगितलं जातं. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या. ‘डीबी नेव्हिगेटर’ हे अॅप दोघांच्याही फोनवर हवं, फलाट ऐनवेळी बदलतात. गाडीला तासाहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के पैसे परत मागता येतात. तिकीट टाकून देऊ नका.

किल्ली

खोलीचं दार बाहेरून मूठ फिरवून उघडत नाही. दार ओढलं की बंद, आणि किल्ली आत राहिली की तुम्ही बाहेर. किल्लीवाल्याला बोलवायचं, तेही रात्री किंवा रविवारी, म्हणजे आठवड्याचं जेवणखाण त्याच्या खिशात. दोघं एकाच घरात असाल तर घरमालकाकडून दोन किल्ल्या मागून घ्या, आणि वेगवेगळ्या खोल्या असतील तर जादा किल्ली एकमेकांकडं ठेवा. हॉस्टेलची किल्ली हरवली तर अख्ख्या इमारतीच्या कुलपांचा खर्च अंगावर येऊ शकतो, त्यामुळे ती गळ्यात अडकवली तरी चालेल, हसणारे हसू देत.

खोलीत शिरल्याबरोबर भिंती, गादी, बेसिन, शेगडी यांचे फोटो काढा. आधीचे डाग, फुटलेली फरशी, सगळं. त्याच दिवशी ते घरमालकाला मेलनं पाठवा. जाताना अनामत परत मिळवायला हे फोटो कामाला येतात.

मुक्काम तीन महिन्यांहून मोठा असेल तर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो पहिल्याच दिवशी मागा. त्याहून छोटा मुक्काम असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारून पुढं जा.

फोन, पैसे, तिकीट

इथं कामं वाटून घ्या. एकजण सिमच्या मागं, दुसरा बसच्या तिकिटाच्या मागं. ज्याला जे समजलं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, करून द्यायचं नाही.

भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि डेटा रोमिंग बंद ठेवा. जर्मन प्रीपेड सिम आल्डी, लिडल अशा किराणा दुकानांतही मिळतं, पण २०१७ पासून पासपोर्ट दाखवून ओळख पटवल्याशिवाय ते चालू होत नाही. ओळख कधी व्हिडिओ कॉलवर पटवतात, कधी पोस्टात जाऊन. एक-दोन दिवस त्यात जातात असं धरून चला, तोवर विमानतळावर घेतलेलं ई-सिम पुरतं.

पैशाच्या बाबतीत यूपीआयची सवय तिथं मोडते. फॉरेक्स कार्ड सगळीकडं चालेल असंही नाही. लहान बेकऱ्या, बाजारातले ठेले अजून रोख मागतात. दोघांकडंही शंभरेक युरो रोख असावेत, दहा-वीसच्या नोटांत. कार्डाच्या मशीनवर ‘रुपयांत भरायचे की युरोत’ असा प्रश्न आला तर युरोच निवडा, रुपयांचा दर तुमच्या तोट्याचा असतो.

फिरण्यासाठी डॉइचलांड-टिकेट घ्या. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. त्यात देशभरातल्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि सगळ्या प्रादेशिक गाड्या येतात. आयसीईसारख्या वेगवान गाड्या येत नाहीत. हे तिकीट म्हणजे दर महिन्याला आपोआप नवं होणारी वर्गणी आहे. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. शेवटच्या महिन्याची १० तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका. तिकीट ज्याच्या नावाचं त्यालाच चालतं. ‘तू माझं घेऊन जा’ हा आपला उदार स्वभाव तिथं ६० युरो दंडाला पडतो.

स्वयंपाकघर

पहिल्या शनिवारी पिशवी घेऊन निघा, पिशवी विकत घ्यावी लागते. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली न चुरगळता दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर वटवायची. पाणी मात्र विकत घेऊ नका, नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटलीचं घेतलंच तर बुडबुड्यांचं तर नाही ना ते बघून घ्या.

कोथिंबीर, मिरच्या, छोले, दही, भेंडी यांसाठी तुर्की दुकान गाठा, स्वस्त आणि ताजं असतं. पोहे, तूरडाळ, कणीक भारतीय दुकानात. जर्मन दुकानात पिठाच्या पुड्यावर ४०५ लिहिलं असेल तर तो मैदा समजा. दुधाचं काय सांगायचं? गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलेल्या माणसाला तिथलं साडेतीन टक्क्यांचं दूध पाणीच वाटणार. चहा थोडा जास्त उकळा. ‘क्वार्क’ नावाचा डबा मात्र आवर्जून घ्या. आंबटपणाला जरा कमी, पण चक्क्याच्या जागी चालतो. साखर आणि वेलदोडा घालून फेटला की पहिल्या रविवारी श्रीखंड.

आता महत्त्वाचं. फोडणी. घरांमध्ये धुराचा अलार्म कायद्यानं सक्तीचा आहे, आणि बऱ्याच हॉस्टेलांत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. सुक्या मिरच्यांची खमंग फोडणी दिली, ठसका लागला, अलार्म वाजला आणि खाली लाल गाडी उभी, असं झालं तर बिल येऊ शकतं. खिडकी आधी उघडा, एक्झॉस्ट लावा, तेल कमी तापवा, मसाला फोडणीत न जाळता कांदा परतल्यावर घाला. अलार्मवर रुमाल बांधायचा उद्योग करू नका. विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली असते, त्यामुळे कांदा गुलाबी झाला की भांडं बाजूला घ्यायचं, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

तांबड्या रश्श्याचा घाट पहिल्या आठवड्यात घालू नका. वास जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत जातो, आणि शेजाऱ्यांची तुमच्याशी पहिली ओळख तुमच्या तोंडानं व्हावी, मसाल्यानं नको. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, मोठ्यानं फोनवर बोलणंही त्यात आलं. कचऱ्याचे डबे वेगवेगळे: कागद, पॅकिंगचं प्लास्टिक, ओला, उरलेला. काच रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात रंगाप्रमाणे, आणि तीही रविवारी नाही, कारण बाटल्या आपटल्याचा आवाज होतो.

सोमवार

पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं आधी पोचा. बस कुठं थांबते, इमारतीचं दार कुठलं, हे शनिवारीच जाऊन बघून या. लाल सिग्नलला पायी माणसंही थांबतात, गाडी नसली तरी. पदपथावरच्या लाल पट्ट्यावर चालू नका, तो सायकलींचा आहे, आणि घंटी वाजवून झाल्यावर जे ऐकावं लागतं ते जर्मनमध्ये असलं तरी कळतं.

तुमचं रोजचं काम बहुतेक प्राध्यापकाबरोबर नसतं, एखाद्या पीएचडी करणाऱ्या संशोधकाबरोबर असतं. त्याला किंवा तिला पहिल्या दिवशी चार गोष्टी विचारा: मी नेमकं काय करून द्यायचं आहे, आठवड्यातून केव्हा भेटायचं, अडलं तर आधी कुणाला विचारायचं, आणि कुठल्या यंत्राला मी एकट्यानं हात लावू नये. उत्तरं लिहून घ्या आणि संध्याकाळी तीच मेलनं पाठवा, ‘मला हे असं समजलं, बरोबर आहे का?’ आपल्याकडं ‘हो सर’ म्हणून पुढं सरकायची सवय असते. तिथं ‘समजलं नाही’ म्हणणाऱ्याला कुणी कमी समजत नाही. ‘समजलं’ म्हणून आठवडाभर चुकीचं काम करणाऱ्याचं मात्र तोंडावर ऐकवतात, आवाज न चढवता.

पहिल्याच दिवशी सुरक्षेचं प्रशिक्षण होतं आणि सही घेतात. ते जर्मनमध्ये असेल तर इंग्रजीत मागा, न समजता सही करू नका. भट्टी, वितळलेला धातू, ग्राइंडर असेल तर बूट, चष्मा, सुती कपडे लागतात. उद्यमनगरात चपला घालून लेथ चालवणारे कारागीर आपण पाहिलेले असतात आणि त्यांचा हात बसलेला असतो हेही खरं. तिथं तसं दिसलात तर शॉपबाहेर काढतील.

प्राध्यापकांना आडनावानं आणि ‘झी’ (आपलं ‘तुम्ही’) म्हणून बोलवा. बाकीचे स्वतःहून ‘डू’ वर (म्हणजे ‘तू’ वर) आले तर तुम्हीही या. जेवणाच्या वेळी कॉरिडॉरमध्ये ‘माल्त्साइट’ असं कानावर पडेल, त्याला परत ‘माल्त्साइट’ म्हणायचं.

आणि जोडीची खरी परीक्षा इथंच. प्रयोगशाळेत तिसरा माणूस असताना मराठीत बोलू नका. तुम्ही त्याच्याबद्दल काही बोलत नसलात तरी त्याला तसं वाटतं, आणि तो तुमच्याशी बोलणं सोडून देतो. जेवायला निदान दोन-तीन दिवस वेगवेगळ्या टेबलांवर बसा. लाजऱ्या मुलासाठी हे अवघड आहे, कारण बोलक्या मित्राच्या सावलीत तो आरामात असतो. पण शिफारसपत्र प्रत्येकाचं वेगळं लिहिलं जातं, आणि ज्याचं नावच कुणाला आठवत नाही त्याच्या पत्रात दोनच ओळी येतात.

कायद्यानं दिवसाचे कामाचे तास ८, अपवादानं १०, आणि सहा तासांहून जास्त काम असेल तर ३० मिनिटांची सुट्टी सक्तीची. रात्री आठपर्यंत बसलात तर कौतुक होईल अशी अपेक्षा ठेवू नका. वेळेत का होत नाही, असा प्रश्न येईल. मानधनाबद्दल गैरसमज नको: कॉलेजच्या अभ्यासक्रमात सक्तीच्या असलेल्या इंटर्नशिपला आणि तीन महिन्यांपर्यंतच्या ऐच्छिक इंटर्नशिपला तिथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. करारात जे लिहिलंय तेच मिळणार.

आजारी पडलात तर

रुग्णवाहिका आणि आग ११२, पोलिस ११०. जीवावरचं नसेल, पण डॉक्टर लागतोय आणि दवाखाने बंद आहेत, तर ११६११७. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कामावर येत नसाल तर सकाळीच कळवा, आणि आजारी माणसानं स्वतः कळवा, मित्राकडून निरोप नको.

रविवार, हिशोब आणि रुसवे

पहिल्या आठवड्यात किरकोळ खटके उडतात. एकाला झोप हवी असते, दुसऱ्याला शहर बघायचं असतं. एक आईला रोज तासभर व्हिडिओ कॉल करतो, दुसऱ्याला त्याच खोलीत अभ्यास करायचा असतो. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असते, म्हणून घरी फोन करायला तिथले संध्याकाळचे साडेपाच बरे. इकडं नऊ वाजलेले असतात आणि जेवणं उरकलेली असतात. तिथल्या नऊला फोन केलात तर आई साडेबारापर्यंत जागी बसणार.

खर्च बाहेर टीटीएमएम. हॉटेलात वेटर स्वतःच विचारतो, एकत्र की वेगळं; वेगळं सांगायला संकोच नको. किराणा मात्र सामाईक, आणि त्याचा हिशोब रविवारी रात्री मिटवून टाकायचा, पुढच्या आठवड्यावर न्यायचा नाही.

बंद रविवारी आखेनमध्ये करायला पुष्कळ आहे. तिथलं कॅथेड्रल १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्याच यादीत आलं, शार्लमेन राजाची कबर त्यात आहे. शहराच्या कडेला जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलंड्सच्या सीमा एका टेकडीवर मिळतात. उंची जेमतेम ३२२ मीटर, पन्हाळा चढणाऱ्याला ती टेकडी वाटायचीही नाही. सीमा ओलांडताना बहुधा कुणी अडवत नाही, पण मधूनमधून तपासणी होते, म्हणून पासपोर्ट खिशात ठेवा. जर्मन सिम पलीकडेही त्याच दरात चालतं.

त्याच रविवारी परतीचं तिकीट एकदा काढून बघा: सुटायची तारीख व्हिसाच्या शेवटच्या दिवसाआधीची आहे ना, आणि मुंबईहून पुढची सोय काय. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये येणार असाल तर मधे एक-दोन दिवस मोकळे ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुराच्या पाण्यानं पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. निघायच्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आकडा चाळिशीकडं सरकत असेल तर पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाला आधीच फोन करून ठेवा, दोघांची झोपायची सोय होईल का म्हणून.